उसनं थडगं

१

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की आम्हां पाथरवटांना मान वर करायला फुरसत नसते. वर्षभर ज्यांना आपली मेलेली माणसं आठवत नाहीत, त्यांना त्या आठवड्यात एकदम दिसतं की दगड कलला आहे, अक्षरांतला रंग उडाला आहे, कोपऱ्यावर शेवाळ धरलं आहे. एक नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या सणाला, सगळा गाव शेवंतीच्या कुंड्या आणि काचेचे दिवे घेऊन दफनभूमीत लोटतो. तिथं शेजाऱ्यापेक्षा आपलं थडगं मळकं दिसलेलं कुणालाच चालत नाही.

तशी आमच्या क्वोत्स्को शहरात पाथरवटावर उपाशी राहायची पाळी कधीच आली नाही. डोंगरावर एवढा थोरला किल्ला, आणि किल्ला म्हटला की तो कुणाला ना कुणाला हवाच असतो. चेक राजांनी तो राखला, ऑस्ट्रियाच्या सम्राटानं वाढवला, प्रशियाच्या राजानं हिसकावला, मग जर्मनांचा झाला, आणि पंचेचाळीस साली आम्ही पोलिश आलो. आल्या आल्या प्रत्येकानं पहिलं काम एकच केलं. वेशीवरचं आधीच्याचं चिन्ह तासून काढलं आणि आपलं कोरलं. शेवटचा, आमचा पोलिश गरुड माझ्या उस्तादानं कोरला, मी खाली शिडी धरून उभा होतो.

आम्ही म्हणजे पूर्वेकडून, बुचाचच्या बाजूनं आलेले. सरहद्द सरकली, आमचं गाव परमुलखात गेलं, म्हणून गुरांच्या डब्यात घालून आम्हांला इकडं आणलं. जे घर वाट्याला आलं, तिथलं जर्मन कुटुंब त्याच सकाळी हाकललं गेलं होतं. चुलीवर बटाट्याचं पातेलं अजून कोमट होतं. मी नको नको म्हणत असताना आईनं ते बटाटे ताटात वाढून घेतले. "टाकून कशाला द्यायचं?" म्हणाली. "केलेलं अन्न आहे."

थडग्याचंही तसंच झालं. आमची मेलेली माणसं तिकडंच राहिली. बाबांना तर थडगंच नव्हतं. चाळीसच्या फेब्रुवारीत रशियन शिपायांनी त्यांना घरातून उचलून नेलं, ते गेलेच; ना पत्र, ना निरोप. इथल्या पहिल्या नोव्हेंबरात अख्खा गाव हातात दिवे घेऊन उभा आणि दिवा लावायला कुणाचं कुणी नाही, असला देखावा झाला. शेवटी पाद्रीबाबांनीच तोड काढली. ही मागं राहिलेली थडगी बेवारस आहेत, एकेकानं एकेक वाटून घ्या आणि त्यावर आपल्या माणसाच्या नावानं दिवा लावा. आईनं शोधून शोधून किल्ल्याच्या बुरुजाखालचं, भिंतीलगतचं एक पसंत केलं.

"तू शिकतोयस ना कोरायला?" पुढच्या वर्षी मला म्हणाली. "मग घास ते नाव आणि तुझ्या बापाचं घाल."

मी अठरा वर्षांचा होतो. घासलं आणि घातलं: तेओफिल ह्रिंदा. दगड कडेला वीतभर जाड होता आणि मधे खोलगट, वाटून वाटून झिजलेल्या पाट्यासारखा. दगडच हलका असेल, असं म्हणून मी पुढच्या कामाला लागलो.

२

सांगतोय ती गोष्ट चौसष्ट सालची. आई तेव्हा एकाहत्तरची. अपोलोनिया तिचं नाव, अंगानं उंच, पाठीनं ताठ, तोंडानं फटकळ. बाबा तिच्या खांद्याला लागायचे. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्यानं त्यांना पायरीवर उभं केलंय. "नवरा कडेवर घ्यावा लागला नाही, एवढंच," असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

दर ऑक्टोबरात ती बादली आणि ब्रश घेऊन थडगं धुवायला जायची आणि धुता धुता बाबांना वर्षाची खबरबात द्यायची. कोण गेलं, कुणाचं लग्न मोडलं, माझी बायको लोजा बिटाच्या सूपमध्ये व्हिनेगर कसं जास्त घालते, सगळं. मी बाजूला सिगारेट ओढत थांबायचो. त्या वर्षी माझ्या लक्षात आलं की ती मधेच गप्प होते. दम खायला थांबलेलं माणूस इकडंतिकडं बघतं. आई बघत नव्हती. मान जराशी कलती करून थांबायची आणि मग म्हणायची, "हो का? बरं."

उतरताना मला म्हणाली, "उद्यापासून मोठ्या रस्त्यानं नको बाबा. बेकरीच्या मागं पाणवेस आहे, तिथून आलं की अर्धी वाट वाचते."

"कुठली पाणवेस? आई, तिथं भिंत आहे."

"मला काय विचारतोस? तुझे बाबा म्हणाले."

मी हसलो. म्हातारपण आहे, चालायचंच. पण चारच दिवसांनी त्या बेकरीच्या मागच्या भिंतीचा गिलावा ढासळला आणि दुरुस्तीला आम्हांलाच बोलावणं आलं. गिलावा खरवडला तर आत विटांनी बुजवलेली कमान. कमानीच्या माथ्यावर चेक राजांचा दोन शेपटांचा सिंह, अर्धवट तासलेला, त्यावर ऑस्ट्रियाचा गरुड. प्रशियाचं चिन्ह नव्हतंच, म्हणजे दोनशे वर्षं तरी ती वेस बंद असणार. विटांना कान लावला तर पलीकडं ओढा वाहत होता.

मी मनाची समजूत घातली. बाजारात कुणीतरी बोललं असेल, आईनं ऐकलं असेल. पण एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जाईना. बाजारातल्याचं सोडा, बाबांनी हे शहर जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

३

"माझंही नाव घालून टाक," आई त्याच आठवड्यात म्हणाली. "त्यांच्या खाली. जन्मसाल घाल, पुढची जागा मोकळी सोड."

यात काही वावगं नव्हतं. आमच्याकडं विधवा बायका जिवंतपणीच दगडावर नाव घालून घेतात, आणि दर वर्षी स्वतःच्याच नावावरची पानं झाडतात. मी अशी पन्नास तरी नावं कोरली असतील.

"एवढी कसली घाई आहे, आई?" लोजा म्हणाली. "अजून तुम्ही आम्हां दोघांना पुरून उराल."

"मला कुठं घाई आहे? त्यांना आहे."

लोजानं माझ्याकडं पाहिलं. मी सूपमध्ये पाहिलं.

शुक्रवारी जाऊन नाव कोरलं. छिन्नीचा ठोका चांगल्या दगडावर खणकन वाजतो. हा दगड पोकळ भोपळ्यासारखा वाजत होता. ओल लागली असेल, असं मी मोठ्यानं म्हणालो आणि आपला आपणच दचकलो.

त्या दिवसापासून आई घरात कोट घालून बसायला लागली. खुर्ची दाराकडं तोंड करून. जेवताना शेजारी एक रिकामी बशी. शनिवारी मी कामावरून आलो तर लोजा जिन्यातच उभी, एप्रनमध्ये हात गुंडाळून.

"आत का नाही बसलीस?"

"मी स्वयंपाकघरात होते. खोलीत आई एकट्याच जेवत होत्या." तिनं मागं दाराकडं पाहिलं. "झेनेक, मला दोन चमचे वाजलेले ऐकू आले. मी विचारलं, कुणाशी बोलताय? तर म्हणाल्या, नवऱ्याशी. लग्न लागलंय आमचं, चोरून नाही भेटत."

४

रोथर म्हातारा आमच्या दफनभूमीचा खड्डेवाला. जर्मन गेले तेव्हा त्याला मुद्दाम ठेवून घेतलं, कारण कुठल्या मातीखाली काय आहे हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच संध्याकाळी मी त्याला बुरुजाखालच्या थडग्याचं विचारलं, तर त्यानं फावड्यावर हनुवटी टेकली.

"बाईचं नाव घातलंस का खाली?"

"कालच."

"हात्तिच्या! दोन दिवस आधी तरी यायचंस." तो थुंकला. "माझ्या बापानंही घातलं होतं. माझ्या मावशीचं, ओटिलीचं."

ते नाव मला ओळखीचं होतं. मॅक्स आणि ओटिली. सेहेचाळीस साली मीच ते घासून काढलं होतं.

"म्हणजे तुझा मावसा तिथं पुरलाय?"

"मॅक्स? छे! मॅक्स सोळा साली फ्रान्सच्या चिखलात गेला, बोटसुद्धा सापडलं नाही. मावशीनं बेवारस थडगं बघून घेतलं, तुझ्या आईनं घेतलं तसंच. आधीचं नाव घासून मॅक्सचं घातलं. रोज जाऊन त्याला हाका मारायची. मग स्वतःचं नाव घालून घेतलं, आणि त्याच आठवड्यात तिला न्यायला आला."

"कोण?"

"मावशी म्हणत होती, मॅक्स आलाय. मी पलीकडच्या खोलीत होतो, दाराच्या फटीतून पाठ दिसली." त्यानं आवाज खाली आणला. "मॅक्सला मी चांगला ओळखत होतो, ह्रिंदा. मॅक्स ठेंगणा होता."

"मग खाली आहे तरी कोण?"

"ते कुणी विचारलंच नाही. जो आला त्यानं आपलं नाव घातलं."

५

एक नोव्हेंबरला दिवसभर भुरभुर पाऊस होता. संध्याकाळी पावसातच सगळा डोंगर दिव्यांनी पेटला. लोक नेहमीसारखे बोलत होते, नात्यातल्यांना भेटत होते, पोरांना दटावत होते. आई थडग्यापाशी उभी होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. नुसती ऐकत होती. मधूनच नव्या नवरीसारखी खाली मान घालून हसायची. तिला तसं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि देवानं पुन्हा दाखवू नये.

मी दिवा ठेवायला वाकलो आणि ते दिसलं.

माणसाला मुका मार लागतो ना, वरून कातडी धड आणि आत काळंनिळं, तसा दगडालाही लागतो. छिन्नीचा घाव अक्षराच्याही खाली उतरतो. अक्षर घासून काढलं तरी तो मार आत राहतो, आणि दगड भिजला, त्यावर तिरका उजेड पडला की वर येतो. आमच्या धंद्यात कुणालाही विचारा. बाबांच्या नावाखाली मॅक्सचं नाव दिसत होतं. मॅक्सखाली दुसरं, जुन्या वळणाचं. त्याखाली आणखी एक, आणि त्याच्याही खाली काहीतरी, ते अक्षर आहे की नुसता ओरखडा हेही कळू नये असं. प्रत्येक पुरुषाच्या नावाखाली एका बाईचं नाव होतं. सगळ्या बाया एकाच जागी, एकीवर एक. सगळ्यांत वर माझी आई, ताजी, माझ्या हातची.

प्रत्येक बाईच्या नावापुढं मरणाचं सालही होतं. फक्त आईच्या पुढं जागा मोकळी होती.

"बाळा, एवढं काय बघतोयस?" आई म्हणाली. "जागा पुरेल सगळ्यांना."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी घासायचा दगड घेऊन तिथं हजर होतो. लोजाला बजावून आलो होतो, आईला एकटं सोडू नकोस आणि दार कुणालाही उघडू नकोस. माझा हिशेब सरळ होता. नाव घातल्यानं जे होतं, ते नाव काढल्यानं थांबेल. वेड्यासारखा घासत सुटलो. आईचं नाव पुसलं गेलं आणि त्या जागी ओल्या दगडात ओटिली स्वच्छ वर आली. दगड आता मधे बोटभरही उरला नव्हता. आणखी घासला असता तर आरपार गेला असता, आणि पलीकडं काय आहे ते बघायची माझी छाती नव्हती.

घरी पोचलो. लोजा दारातच रडत होती. "आत्ता, अर्ध्या तासापूर्वीपासून... मला ओळखतच नाहीत!"

आई कोट घालून खुर्चीत बसली होती. मला बघून अदबीनं हसली, पाहुण्याकडं बघून हसावं तशी. "बसा ना," म्हणाली. "माझे यजमान येतीलच एवढ्यात."

जर्मनमध्ये म्हणाली. अठरा वर्षांत आई जर्मन भाषेतल्या दोन शिव्यांपलीकडं काही शिकली नव्हती.

"आई! मी झेनेक!"

"तुमची काहीतरी चूक होतेय. आम्हांला मूलबाळ नाही."

का कोण जाणे, मी हलकेच म्हणालो, "ओटिली?"

"हं?" ती लगेच वळली.

तेवढ्यात जिन्यावर पाय वाजले. जड, सावकाश, एकेका पायरीवर थांबत. आमच्या दारावर एक काचेची झडप आहे, हात उंच केला तरी मला पुरत नाही इतक्या वर. पावलं दारापाशी थांबली आणि त्या काचेत एका टोपीची कड दिसली. मग कुणीतरी वाकलं, ठेंगण्या खिडकीतून आत बघायला वाकावं तसं. मी चेहरा पाहिला. चेहरा म्हणायचा तर नाक, डोळे, काहीच नव्हतं. घासलेलं होतं सगळं. मधे खोलगट.

घाबरलेला माणूस विचार करतो तो असा: ओटिलीला ते एकदा घेऊन गेलंय, ती तर कडी काढून देणारच. पण आई शुद्धीवर असेल तर ती दाराआडूनच त्याला शिव्या घालेल. तिचा नवरा तिच्या खांद्याला लागायचा, हे तिच्यापेक्षा कुणाला ठाऊक? तिला तिचं नाव परत दिलं पाहिजे. मी लोजाला ओरडलो, "कडीला पाठ लावून उभी राहा!" आणि मागच्या जिन्यानं धावलो.

आयुष्यात इतकं वाईट काम मी केलेलं नाही. अक्षरं वाकडीतिकडी पडत होती, छिन्नी अंगठ्यात घुसली. तरी पुरं केलं. अपोलोनिया ह्रिंदा, अठराशे त्र्याण्णव. शेवटच्या ठोक्याला किल्ल्याखालच्या चर्चमध्ये अकराची घंटा झाली.

परत आलो तेव्हा दार सताड उघडं होतं.

लोजा जमिनीवर बसलेली. खुर्ची रिकामी. टेबलावर बिटाचं सूप वाफाळत होतं, तीन बशा मांडलेल्या.

"अकराच्या ठोक्याला आई एकदम जाग्या झाल्या," ती म्हणाली. "अगदी आपल्या आई. मला म्हणाल्या, झेन्यू कुठाय? त्याला म्हणावं हात धू आणि जेवायला बस, सूप तापलंय. मग त्यांनी वर काचेकडं बघितलं. मी म्हटलं, आई, उघडू नका, हे बाबा नाहीत, बाबा ठेंगणे होते..."

"मग?"

"म्हणाल्या, माहीत आहे गं मला. पाणवेशीचं बोलला तेव्हाच कळलं. पण अठरा वर्षं हाका मी मारल्या ना? आलेल्याला दारात किती वेळ उभं करायचं? मी नाही गेले तर तो घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेईल. मला बाजूला ढकललं, झेनेक. त्या वयात एवढी ताकद! आणि कडी काढली."

मी सूपकडं बघत राहिलो. तिला शुद्धीवर आणलं होतं मीच.

७

आईचा पत्ता लागला नाही. पोलिसांनी नदी धुंडाळली, किल्ल्याची भुयारं पाहिली. वर्ष उलटल्यावर पाद्रीबाबा म्हणाले, मोकळी जागा भरून टाक, बाईला शांती लाभेल. मी चौसष्ट कोरलं. दुसरं करणार तरी काय होतो?

तिला शेवटचं एकदा भेटावं, एवढंच मागणं होतं माझं. ते राहिलं ते राहिलंच. राग येतो, रडू येतं, आणि दर ऑक्टोबरात मी बादली आणि ब्रश घेऊन तिथंच जातो. न जाण्याची भीती जास्त वाटते. लोजा येत नाही. रोथर मेला, त्याला मी गावाच्या दुसऱ्या टोकाला, कोऱ्या दगडाखाली पुरलं.

मी थडगं धुतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. आईला काही सांगावंसं फार वाटतं. तिच्या सुनेनं सूपमध्ये व्हिनेगर घालायचं सोडलं, एवढं तरी. पण दातांवर दात आवळून धुतो, दिवा लावतो आणि वळतो.

या वर्षी वळलो आणि मागून हाक आली.

"झेन्यू."

आवाज आईचा. तीच ओढ, शेवटच्या अक्षरावर तोच जोर. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वाटलं, धावत जावं, म्हणावं, आई, हात धुतलेत मी. पाऊल उचललंही होतं.

पण आई असलीच तर खाली असणार, मातीत. खालून यायला हवा होता आवाज. तो येत होता वरून, माझ्या डोक्याच्या बराच वरून, जणू कुणी माझ्या मागं उभं राहून वाकून बोलत होतं.

दुसऱ्यांदा हाक आली. मग तिसऱ्यांदा. मी मान वळवली नाही, दिव्यांच्या रांगेतून सरळ चालत खाली आलो. घरी आलो तरी ती चालूच आहे, आता जिन्यापर्यंत आली आहे.

मी अजून ओ दिलेली नाही.